परांची उभी राहते कोणाच्या जबाबदारीवर?

बालेवाडी येथे २९ जुलै २०१६ रोजी एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर सुरू असलेले स्लॅबचे काम कोसळले आणि नऊ मजुरांचा मृत्यू झाला. येरवड्यातील शास्त्रीनगर भागात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री तळघराच्या कामासाठी बांधलेली लोखंडी सळयांची अवजड जाळी खाली आली आणि पाच मजूर दगावले. दोन्ही वेळा गुन्हे दाखल झाले आणि काही दिवस शहरात बांधकाम सुरक्षेची चर्चा झाली. दोन्ही दुर्घटनांची कारणे वेगवेगळी होती. एक गोष्ट मात्र समान होती. कोसळले ते पुरे झालेले बांधकाम नव्हते. जे कोसळले ते अर्धवट, अधांतरी अवस्थेत होते. ज्याचा भार अजून खांब-तुळयांनी नव्हे, तर कामापुरत्या आधारांनी पेलायचा असतो अशा अवस्थेत.

इमारतीचे नकाशे मंजूर होतात, तिच्या खांबांतील सळयांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनीअर करतो, त्यावर सही-शिक्का असतो. इमारत उभी करण्यासाठी किंवा तिची डागडुजी करण्यासाठी जो दुसरा, तात्पुरता सांगाडा उभा राहतो, त्याचा नकाशा बहुतेक वेळा कोणीच काढलेला नसतो. मराठीत त्याला परांची म्हणतात. ठेकेदारांच्या तोंडी अलीकडे 'स्कॅफोल्डिंग' हाच शब्द आहे. पुण्यात कोणत्याही वेळी शेकडो इमारतींना परांच्या लागलेल्या असतात. त्यांपैकी नव्या प्रकल्पांच्या परांच्यांकडे निदान पत्र्याच्या कुंपणाआडून कोणीतरी पाहत असते. जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या रंगकामाच्या परांच्यांखालून मात्र रहिवासी रोज दूध आणायला जातात आणि शाळेची मुले सायकली काढतात.

परांचीच्या सुरक्षिततेची चर्चा झालीच, तर ती हेल्मेट आणि कमरेचा पट्टा यांपाशी थांबते. ही साधने आवश्यक आहेत यात शंका नाही. पण ती मजूर पडल्यानंतर उपयोगी येणारी साधने आहेत आणि परांचीच कोसळली तर पट्टा अडकवायला जागाही राहत नाही. परांची कोसळू नये यासाठीचे नियम त्याआधीचे आहेत. त्यांतील एक नियम तर इतका प्राथमिक आहे, की तो पाळला आहे की नाही हे रस्त्यावर उभे राहून कोणालाही नुसत्या डोळ्यांनी तपासता येते. पाइपांचे जोड एका ओळीत येता कामा नयेत.

सहा मीटरचा हिशेब

परांचीसाठी वापरला जाणारा लोखंडी पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाचा असतो. पाण्याच्या नळाच्या कामात 'दीड इंची' म्हणून ओळखला जातो, त्याच मापाचा. तो बाजारात साधारणतः सहा मीटर लांबीचा मिळतो. आठ मजली इमारत सुमारे २४ मीटर उंच असते. म्हणजे तिच्या परांचीतील प्रत्येक उभा पाइप एकावर एक असे चार तुकडे जोडून तयार होतो आणि त्यात किमान तीन जोड येतात. जोड टाळता येत नाही. तो कोठे आणायचा, एवढेच बांधणाऱ्याच्या हातात असते.

घाईत काम करणारी टोळी जमिनीवर सगळीकडे अखंड सहा मीटरचे पाइप उभे करते. हे सोपे असते. पाइप कापावा लागत नाही, मोजमाप लागत नाही, सगळ्यांची टोके एका उंचीवर येतात, त्यामुळे आडवे पाइपही भराभर बसतात. पण मग पहिला जोड प्रत्येक उभ्या पाइपात सहा मीटरवर येतो, दुसरा बारावर, तिसरा अठरावर. इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच उंचीवर सगळ्या पाइपांचे जोड. कागदाला घडी घालावी तशी परांचीला तीन ठिकाणी घडी पडते. वाऱ्याने, माल टाकताना बसलेल्या धक्क्याने किंवा खालची जमीन दबल्याने परांची कलू लागली, तर ती नेमकी याच घडीवर मोडते, कारण त्या उंचीवर तिला सरळ धरून ठेवणारा एकही अखंड पाइप नसतो.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पहिला उभा पाइप सहा मीटरचा घेतला, तर शेजारचा चार मीटरचा घ्यायचा, त्यापुढचा पुन्हा सहाचा. वर सगळीकडे सहा मीटरचेच पाइप चढवले तरी चालते. मग एका पाइपाचे जोड ६, १२, १८ मीटरवर येतात आणि शेजारच्याचे ४, १०, १६, २२ मीटरवर. कोणत्याही उंचीवर निम्मे पाइप अखंड राहतात आणि जोडाच्या जागी शेजारचा अखंड पाइप त्याला सावरतो. विटांच्या भिंतीत सांधे एकावर एक येऊ न देणारा गवंडी हेच करत असतो.

या उपायातही एक खोच आहे आणि ती माहीत नसल्याने अर्धवट काळजी घेणारेही चुकतात. आडव्या पाइपांचे थर साधारणतः दोन-दोन मीटरच्या टप्प्यांवर असतात. समजा, ठेकेदाराने सहा मीटरचा पाइप बरोबर अर्धा कापला आणि एकाआड एक तीन मीटरचे तुकडे उभे केले. जोड मागेपुढे झाले, तुकडाही वाया गेला नाही, असे त्याला वाटते. पण तीन मीटरची उंची म्हणजे दोन आणि चार मीटरच्या थरांची अचूक मध्यरेषा. उभा पाइप वाकतो तो दोन आधारांच्या मध्येच. तेथे जोड आणणे म्हणजे पाइपाचा सर्वांत कमकुवत बिंदू त्याच्यावरील सर्वांत जास्त ताणाच्या जागी नेऊन ठेवणे. म्हणून जोड शेजाऱ्याच्या जोडापासून दूर हवा आणि आडव्या पाइपाच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतरात हवा. चार मीटरचा तुकडा या दोन्ही अटी पाळतो, तीन मीटरचा पहिलीच पाळतो.

आडव्या पाइपांनाही हाच न्याय लागू आहे. दोन उभ्या पाइपांमधल्या अंतराला वाड्याच्या भाषेत खण म्हणता येईल. आडव्या पाइपाचा जोड खणाच्या मध्यावर येऊ नये, उभ्याच्या जवळ यावा. वरच्या आणि खालच्या थरातील जोड एकाच खणात येऊ नयेत, तसेच भिंतीकडच्या आणि बाहेरच्या रांगेतीलही. ज्या आखूड आडव्या पाइपांवर फळ्या टाकून मजूर उभे राहतात, त्यांत तर जोड असूच नये. भारतीय मानक ब्यूरोची लोखंडी पाइपांच्या परांचीसाठीची कार्यसंहिता, आयएस ४०१४, ही १९६७ सालची आहे. परांची व शिड्यांच्या सुरक्षिततेची संहिता, आयएस ३६९६, हिच्या पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती १९८७ साली आली. पानशेतच्या पुरानंतरचे पुणे नव्याने वसत होते तेव्हापासून ही जाण देशात छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

बांबूची जाण, लोखंडाची घाई

पुण्यात परांची म्हणजे पिढ्यान् पिढ्या बांबू, बल्ल्या आणि काथ्या. बुरूड आळी आणि टिंबर मार्केट परिसरातील बांबू-बल्ल्यांचा व्यापार त्यावर पोसला गेला. आजही लहान इमारतींच्या रंगकामाला बांबूच लागतो. लोखंडी परांची आली की काम आपोआप सुरक्षित झाले, असा समज सोसायट्यांच्या समित्यांमध्ये सर्रास आढळतो. तो पूर्ण खरा नाही.

बांबूचे दोन नग कधीच सारख्या लांबीचे नसतात. त्यामुळे बांधणाऱ्याने मुद्दाम काही केले नाही, तरी जोड आपसूक वेगवेगळ्या उंचीवर पडतात. शिवाय बांबूचा जोड टोकाला टोक लावून होत नाही. दोन बांबू बरेच अंतर एकमेकांवर घेऊन काथ्याने अनेक ठिकाणी आवळावे लागतात. साहित्याचा ओबडधोबडपणाच येथे एका चुकीपासून वाचवतो. लोखंडी पाइप कारखान्यातून मोजून येतो, एकसारखा असतो आणि त्या एकसारखेपणामुळेच जोड एका रेषेत येण्याचा धोका निर्माण होतो. बांबूवर हात बसलेली टोळी जेव्हा लोखंडी पाइप हाताळू लागते, तेव्हा जो नियम तिला कधी शिकावाच लागला नव्हता, तोच तिला आता कोणीतरी शिकवावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो कोणीच शिकवत नाही.

याचा अर्थ बांबू बरा, असा नव्हे. तो कुजतो, चिरतो, पावसाने काथ्या सैल होतो आणि त्याची ताकद मोजून सांगता येत नाही. हाँगकाँगमध्ये २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने सार्वजनिक इमारतींच्या निम्म्या नव्या कामांत धातूची परांची वापरण्याचे धोरण जाहीर केले होते. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला ताय पो भागातील वसाहतीला दुरुस्तीसाठी परांची लावलेली असताना आग लागली आणि दीडशेहून अधिक रहिवाशांचा बळी गेला. सुरुवातीला सगळा रोख बांबूवर होता. तपासात मात्र निकृष्ट जाळी आणि खिडक्यांवर लावलेले फोमचे पत्रे पुढे आले. परांचीवर हिरवी जाळी टाकताना ती आगीला किती लवकर धरते, हा प्रश्न पुण्यातील किती सोसायट्या ठेकेदाराला विचारतात, हे पाहण्यासारखे आहे.

लोखंडी परांचीत जोड दोन प्रकारे होतो. एक 'जॉइंट पिन', म्हणजे पाइपाच्या पोकळीत बसणारा आणि बोल्ट फिरवला की आतून फुगणारा तुकडा. दुसरा 'स्लीव्ह', म्हणजे बाहेरून दोन्ही पाइपांना मिठी मारणारा क्लॅम्प. पिन वरचा भार खाली नीट पोहोचवते, कारण पाइप पाइपावर टेकलेला असतो. पण तो जोड ओढला गेला, तर तिच्याकडे केवळ घर्षणाचा जोर असतो. आटे झिजलेली पिन हाताने हलवली तरी खुळखुळते. उभ्या पाइपात नेहमी दाबच असणार, मग ओढ येईलच कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. जोराचा वारा जाळीवर बसला की परांचीची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी उचलली जाऊ लागते. बाल्कनीच्या पुढे काढलेल्या अधांतरी भागाचे मागचे पायही असेच वर ओढले जातात. अशा जागी स्लीव्ह हवा, किंवा जोडाला समांतर दुसरा पाइप दोन्ही बाजूंना क्लॅम्पने बांधायला हवा. तिरक्या पाइपांतील जोडांबाबतही हेच.

पाइपाच्या जाडीचा मुद्दा वेगळाच आहे. बाहेरचा व्यास तोच ठेवून पत्रा पातळ केला, तर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. चार मिलिमीटर जाडीचा सहा मीटरचा पाइप सुमारे २६ किलो भरतो, ३.२ मिलिमीटरचा सुमारे २१ किलो, दोन मिलिमीटरचा जेमतेम १४ किलो. लोखंड किलोवर विकले जाते आणि परांचीचे पाइप नगावर भाड्याने जातात, यातच पातळ पाइपांचे अर्थशास्त्र आले. त्यावर वर्षानुवर्षांचा गंज. जोड बरोबर जागी असला, तरी ज्या टोकांवर तो बसतो ती टोके गंजून कागदासारखी झाली असतील, तर पिन फुगवताना पाइपच फाटतो. सोसायटीच्या आवारात ट्रक रिकामा होत असताना एक पाइप वजनकाट्यावर ठेवून पाहणे, याला कोणत्याही पदवीची गरज नाही.

एक चूक कोसळण्यासाठी पुरेशी नसते

जोड एका ओळीत आले म्हणून परांची त्याच दिवशी पडत नाही. अशा कित्येक परांच्या सहा महिने उभ्या राहतात, रंग होतो, उतरवल्या जातात, आणि पुढच्या सोसायटीत तशाच बांधल्या जातात. चुकीची शिक्षा लगेच मिळत नसल्याने चूक हीच पद्धत बनते. धोका प्रकट होतो तो इतर चुका सोबत आल्यावर.

पुण्यातील परिस्थितीत या इतर चुका नेमक्या कोणत्या, हे सांगणे अवघड नाही. परांचीचा पाया हा पहिला. शहराच्या बऱ्याच भागांत मुरूम किंवा खडक लगेच लागतो, पण नदीकाठच्या आणि विस्तारलेल्या उपनगरांतील अनेक जागी काळी माती आहे, जी पावसात फुगते आणि मऊ होते. त्यात सोसायटीच्या इमारतीलगतची पट्टी ही बहुधा ड्रेनेजच्या चरांवर भरलेली भर असते, वरून पेव्हिंग ब्लॉक. पायाला लोखंडी पट्टी आणि त्याखाली लाकडाची रुंद फळी नसेल, तर एक पाय बोटभर खचतो आणि त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यावर जातो. दुसरी गोष्ट इमारतीशी असलेली बांधणी. परांची स्वतःच्या बळावर उभी नसते. तिला ठरावीक अंतरावर इमारतीला पक्के बांधावे लागते. रंगारी भिंतीवर काम करताना नेमकी हीच बांधणी मध्ये येते, म्हणून ती सोडली जाते आणि परत बांधायची राहून जाते. तिसरा म्हणजे वळीव. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सुटणारा सोसाट्याचा वारा पुणेकरांच्या परिचयाचा आहे. रंगकामाचा हंगामही दिवाळीनंतरपासून याच महिन्यांपर्यंतचा. जाळी लावलेली परांची अशा वाऱ्यात शिडासारखी वागते.

बांधणी सोडली की उभ्या पाइपाची आधाराविना लांबी वाढते. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडलेला हिशेब असा, की बारीक खांबाच्या आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर वाकण्यापूर्वी तो पेलू शकणारा भार एकचतुर्थांशावर येतो. एका थराचा आडवा पाइप 'अडचण होते' म्हणून काढला, तर त्या पाइपाची पाऊण ताकद गेली. त्याच मोकळ्या झालेल्या लांबीत जोडही असेल, तर उरलेल्या पाव ताकदीचाही भरवसा नाही.

परांची ज्याला धरून उभी असते ते तरी पक्के आहे का, हा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी कूलिंग टॉवरच्या कामावरची परांची कोसळून ५१ कामगार ठार झाले. ती परांची टॉवरच्याच काँक्रीटला अडकवलेली होती आणि आदल्या दिवशी ओतलेल्या त्या काँक्रीटला पुरेसे बळ आलेले नव्हते. पुण्यातील तीस-चाळीस वर्षे जुन्या सोसायट्यांत दुरुस्ती निघते तीच मुळी प्लॅस्टर सुटले आणि बाल्कनीच्या सळया गंजल्या म्हणून. त्याच बाल्कनीच्या कठड्याला परांची बांधली जाते.

दहा मजुरांचा उंबरठा

शहरात आज दोन प्रकारच्या परांच्या दिसतात. हिंजवडी-खराडीतील मोठ्या कार्यालयीन संकुलांच्या आणि मेट्रोच्या कामांवर बहुधा 'कपलॉक' सारख्या ठरावीक मापांच्या पद्धती असतात, सुरक्षा अधिकारी असतो, तपासणी झाली की हिरवी चिठ्ठी आणि नसेल तर लाल चिठ्ठी लावली जाते. कपलॉकमध्येही पहिले उभे तुकडे तीन आणि दोन मीटरचे असे आलटून पालटून घ्यावे लागतात, म्हणजे नियम तेथेही तोच आहे. 'एच फ्रेम' प्रकारात मात्र सगळे जोड एका उंचीवर येणे अटळ असते, म्हणून तिच्या फुलीसारख्या तिरक्या पट्ट्या आणि जोडातील खिळे हे ऐच्छिक नसतात. ते काढले, की मग खरोखरच पत्त्यांचा मनोरा उरतो.

दुसरा प्रकार सोसायट्यांच्या आणि लहान बांधकामांचा. येथे कायदा पोहोचतच नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ मध्ये झाला. त्याच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि महाराष्ट्राने स्वतःचे नियम २००७ मध्ये केले. परांची जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली बांधावी आणि वापरापूर्वी तपासावी, ही अपेक्षा त्यांत स्पष्ट आहे. पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. दहाचा उंबरठा तेथेही कायम आहे. सात मजली इमारतीच्या रंगकामावर सात-आठ जण असतात. परांची मात्र तेवढीच उंच असते.

महापालिकेच्या दारातही हा विषय येत नाही. प्लॅस्टर, रंगकाम अशा किरकोळ दुरुस्त्यांना बांधकाम परवानगी लागत नाही, आणि ते योग्यही आहे. प्रत्येक रंगकामासाठी नागरिकांनी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण त्यामुळे एक विसंगती तयार झाली आहे. जुना बाजार चौकात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर होर्डिंगच्या संरचनात्मक स्थैर्याच्या प्रमाणपत्रांचा प्रश्न ऐरणीवर आला. होर्डिंगसाठी निदान प्रमाणपत्र मागता तरी येते. त्याहून उंच, त्याहून लांब, जाळीने झाकलेली आणि वर माणसे काम करत असलेली परांची रस्त्याच्या कडेला चार-सहा महिने उभी राहते, तिच्यासाठी कोणाकडे कसला कागद मागायचा, हेच ठरलेले नाही.

ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनुसार परांचीची तपासणी वापरापूर्वी आणि त्यानंतर दर सात दिवसांच्या आत, तसेच वादळवाऱ्यानंतर करून तिची नोंद ठेवावी लागते. तेथील परांची बांधणाऱ्यांना त्या कामाचे वेगळे प्रशिक्षण आणि ओळखपत्र असते. आपल्याकडे परांची बांधणे हे कौशल्य मानलेच जात नाही. छत्तीसगड, बिहार, पश्चिम बंगाल किंवा मराठवाड्यातून आलेला मजूर आज विटा वाहतो, उद्या परांचीवर चढतो. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून कामगार कल्याण मंडळाकडे मोठा निधी जमतो. त्यातून परांची बांधणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सर्वदूर व्यवस्था उभी करणे अशक्य नव्हते. मंडळाची ओळख मात्र भांडी आणि साहित्याच्या संचांचे वाटप करणारी यंत्रणा अशीच अधिक झाली.

दुर्घटना झालीच, तर पोलीस येतात. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो; पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४ अ खाली होई. निष्काळजीपणा नेमका कोणाचा, हे मात्र तेथून पुढे शोधावे लागते. रंगाचा ठेकेदार परांचीवाल्याकडे बोट दाखवतो, परांचीवाला पाइप भाड्याने देणाऱ्याकडे, आणि सोसायटी म्हणते की तिने काम 'सर्व जबाबदारीसह' दिले होते. जोड कोठे यावेत हे ठरते तो क्षण म्हणजे जमिनीवर पहिल्या दिवशी पहिले आठ-दहा पाइप उभे राहतात ती सकाळ. त्या सकाळी या साखळीतील कोणीही तेथे हजर नसतो. असतात ते फक्त मजूर.

दरपत्रकातील एक शब्द

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाची दरपत्रके येतात तेव्हा चर्चा कशावर होते, हे बहुतेक पुणेकरांना अनुभवाने माहीत आहे. रंगाची कंपनी कोणती, प्रायमरचे किती हात, गळतीची हमी पाच वर्षांची की सात, आणि प्रति चौरस फूट दरात अजून किती कमी होतील. परांचीचा उल्लेख असतो तो दराच्या शेवटी, 'परांचीसह' एवढाच. त्या एका शब्दात पाइपांची जाडी, जोडांची जागा, इमारतीशी बांधणी, जाळी, पाया, उतरवण्याची पद्धत आणि देखरेख हे सगळे कोंबलेले असते. दर पाडून मागितला, की ठेकेदार रंगाच्या हातांत फारशी काटछाट करू शकत नाही, कारण ती दिसते. तो काटछाट करतो ती याच शब्दात.

पर्याय खर्चिक आहेत असेही नाही. जोड मागेपुढे घेण्यासाठी जास्त पाइप लागत नाहीत, काही पाइप कापावे लागतात. चार मीटर वापरून उरलेला दोन मीटरचा तुकडा आडव्या कामाला येतो. खरी अडचण भाड्याच्या व्यवहारात आहे. पाइप पुरवणाऱ्याला सहा मीटरचा नग सहा मीटरचाच परत हवा असतो, कापला तर ठेकेदाराला त्याची किंमत भरावी लागते. म्हणजे चार मीटरचे तुकडे पुरवठादाराने स्वतःच भाड्याच्या साठ्यात ठेवले, तर प्रश्न बराचसा सुटतो, आणि ते ठेवले जातील ग्राहकाने मागितले तरच. काही जागरूक सोसायट्या आता दुरुस्तीसाठी नेमलेल्या स्ट्रक्चरल सल्लागाराकडूनच परांचीचे साधे रेखाटन करून घेतात, ती बांधून झाल्यावर त्याची लेखी तपासणी घेतात आणि दरपत्रकात परांचीची रक्कम रंगापासून वेगळी मागतात. सल्लागाराचे शुल्क त्यासाठी फार वाढत नाही. मात्र सही कोणाची, हे कागदावर येते.

महापालिकेलाही परवानगीचे नवे दालन न उघडता काही करता येईल. सार्वजनिक रस्त्याला किंवा पदपथाला लागून ठरावीक उंचीवरची परांची लावायची असेल, तर तपासणी करणाऱ्या अभियंत्याचे नाव, शेवटच्या तपासणीची तारीख आणि ठेकेदाराचा दूरध्वनी क्रमांक असलेला फलक परांचीवरच लावण्याची सक्ती करता येईल. नव्या प्रकल्पांच्या प्रवेशद्वारांवर परवानगी क्रमांकाचे आणि महारेरा नोंदणीचे फलक लागतातच. राज्य सरकारला दहा कामगारांच्या उंबरठ्याखालील कामांसाठी मजुरांच्या संख्येऐवजी परांचीची उंची हा निकष ठरवण्याचा विचार करावा लागेल. नवव्या मजल्यावरून पडणाऱ्याला खाली आणखी किती जण काम करत होते याने फरक पडत नाही.

तोपर्यंत तपासणीचे एक साधन रहिवाशांपाशी आहेच. हिरवी जाळी चढण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत इमारतीसमोर उभे राहून पाइपांकडे पाहिले, तर जोडांच्या जागी पाइपांचा रंग बदललेला किंवा क्लॅम्पचा फुगवटा दिसतो. ते ठिपके भिंतभर विखुरलेले आहेत की एका सरळ रेषेत आहेत, हे खालून सहज कळते. जाळी चढल्यावर ते दिसत नाही, आणि ठेकेदार जाळी बहुधा तिसऱ्या दिवशी चढवतो.